आत्महत्येची बातमी: सांगण्याच्या पद्धतीने जीव धोक्यात येतो, आणि वाचतोही

दरवर्षी 10 सप्टेंबरला जागतिक आत्महत्या प्रतिबंध दिन पाळला जातो. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या महाविद्यालयांत व्याख्याने होतात, पोस्टर लागतात, वर्तमानपत्रांत मानसोपचारतज्ज्ञांचे लेख येतात. आणि पुष्कळदा त्याच अंकात, तालुक्याच्या पानावर, ती नेहमीची बातमीही असते. अमुक गावच्या तरुणाने कर्जबाजारीपणाला कंटाळून टोकाचे पाऊल उचलले. घटनेने परिसरात हळहळ. पोलिसांत आकस्मिक मृत्यूची नोंद. पश्चात आई-वडील, पत्नी, दोन मुले असा परिवार. नाव बदलते, गाव बदलते, मजकूर तोच राहतो. बहुतेक वेळा मरणाची रीत आणि जागाही त्यात असते, कधी फोटोसुद्धा.

आपण चहा संपायच्या आत पुढच्या बातमीवर गेलेलो असतो. पण एखादा वाचक तिथेच अडकतो. त्याच्याही डोक्यावर कर्ज असते, त्याचेही वय तेवढेच असते, गेले कित्येक दिवस त्याला धड झोप लागलेली नसते. बातमी लिहिताना, वाचून दाखवताना, फोनवरून पुढे पाठवताना या वाचकाचा विचार का करायचा, हे मला इथे समजावून सांगायचे आहे.

तो वाचक तुम्हीच असाल, तर बाकीचे नंतर वाचा. आधी 14416 हा नंबर लावा. केंद्र सरकारची 'टेली मानस' ही सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येते.

प्रश्न केवढा आहे?

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालानुसार 2022 मध्ये देशात 1,70,924 लोकांचा आत्महत्येने मृत्यू झाला. दर लाख लोकसंख्येमागे 12.4. राज्यांत महाराष्ट्र सर्वात वर होता: 22,746. म्हणजे आपल्या राज्यात रोज साधारण 62 घरे. दर दहा मृतांत सात पुरुष होते. हे फक्त पोलीस दप्तरात आलेले मृत्यू आहेत. जे प्रयत्नातून वाचले, ज्यांच्या घरच्यांनी 'पोटात दुखत होतं' एवढेच डॉक्टरांना सांगितले, ते यात कुठेच नाहीत, आणि त्यांची संख्या मृतांपेक्षा कितीतरी मोठी असते.

केंद्र सरकारने नोव्हेंबर 2022 मध्ये पहिले राष्ट्रीय आत्महत्या प्रतिबंध धोरण जाहीर केले. 2030 पर्यंत हे मृत्यू 10 टक्क्यांनी कमी करायचे, हे त्याचे उद्दिष्ट. त्यात रुग्णालये आणि शाळांबरोबर माध्यमांचाही विचार आहे. एरवी रोगावरच्या उपायांत पत्रकारांचा विचार फारसा होत नाही. इथे मात्र पत्रकार उपायाचाच भाग आहेत, आणि त्याचे कारण पुढे येते.

बातमीने आत्महत्या पसरते म्हणजे नेमके काय?

1774 मध्ये जर्मन लेखक ग्योथे यांची एक कादंबरी आली. तिचा नायक वेर्थर प्रेमभंगानंतर जीव देतो. युरोपभर तरुणांनी त्याचे अनुकरण केल्याचे बोलले गेले, काही शहरांनी तर पुस्तकावर बंदी घातली. खरे काय आणि अफवा काय, हे तेव्हा कुणी तपासले नव्हते. दोनशे वर्षांनी, 1974 मध्ये, अमेरिकन समाजशास्त्रज्ञ डेव्हिड फिलिप्स यांनी ते तपासले. 1947 ते 1968 या काळात वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर आत्महत्येची बातमी आली, की त्यानंतरच्या काळात देशातल्या आत्महत्या नेहमीपेक्षा वाढतात का? त्यांना वाढ दिसली. बातमी जितकी गाजली तितकी वाढ जास्त. त्यांनी या प्रकाराला 'वेर्थर परिणाम' हे नाव दिले.

त्यानंतर अनेक देशांत असे अभ्यास झाले. 2020 मध्ये त्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. नामवंत व्यक्तीच्या आत्महत्येच्या बातम्यांनंतरच्या एक-दोन महिन्यांत आत्महत्या सरासरी 13 टक्क्यांनी वाढलेल्या दिसल्या. बातम्यांत रीत सांगितलेली असेल, तर त्याच रीतीने होणारे मृत्यू 30 टक्क्यांनी.

यावर कुणीही समंजस माणूस विचारेल: मीही ती बातमी वाचली, मला तर काही झाले नाही. खरे आहे. रावेर-यावलच्या केळी बागायतदारांना करपा माहीत आहे. त्याचे बीजाणू वाऱ्याने आणि पावसाच्या थेंबांनी सगळ्याच बागांत जातात. रोग धरतो तो जिथे पाने ओली राहतात, बाग दाट असते, वारा खेळत नाही तिथे. बातमीचेही तसेच आहे. लाखभर वाचकांच्या मनावरून ती निघून जाते, आणि जे मन आधीच थकलेले, एकटे, निराश आहे तिथे धरते. करप्यात रोगट पाने कापून बांधाबाहेर नेण्याचे काम शेतकरी करतोच, हवामानाला दोष देऊन थांबत नाही. बातमीतला धोकादायक भाग कापून काढणे हे तसलेच काम आहे.

कापल्याने फरक पडतो का? व्हिएन्नाचे उदाहरण जगभर दिले जाते. तिथल्या भुयारी रेल्वेतल्या आत्महत्यांच्या बातम्या 1980च्या दशकात फार रंगवून येऊ लागल्या होत्या आणि घटनाही वाढल्या होत्या. 1987 च्या मध्यावर आत्महत्या प्रतिबंधाचे काम करणाऱ्या तज्ज्ञांनी पत्रकारांसाठी सूचना काढल्या आणि वर्तमानपत्रांनी त्या मानल्या. बातम्या छोट्या झाल्या, आत गेल्या, काही आल्याच नाहीत. त्या वर्षाच्या दुसऱ्या सहामाहीत तिथल्या घटना पहिल्या सहामाहीच्या तुलनेत 80 टक्क्यांहून जास्त घटल्या आणि पुढेही खालीच राहिल्या. रेल्वे तीच होती, शहरही तेच होते.

'कंटाळून' हा शब्द कुठून येतो?

आपल्याकडे या बातमीचा सगळा भार एका शब्दावर असतो. कर्जाला कंटाळून, आजारपणाला कंटाळून, सासरच्या छळाला कंटाळून. हा शब्द बातमीत कसा येतो ते पाहा. संध्याकाळी वार्ताहर पोलीस ठाण्यात फोन करतो. ठाणे अंमलदार नोंदवहीतून वाचून दाखवतो. त्या नोंदीत एखादा भाऊ किंवा चुलता, ज्याला दोन तासांपूर्वी ही गोष्ट कळली आहे, त्याचा जबाब असतो: 'सोसायटीचं कर्ज होतं, टेन्शनमध्ये होता.' सुन्न झालेल्या माणसाचे एक वाक्य. तेच रात्री नऊ वाजता मथळा होते आणि सकाळी ते 'कारण' म्हणून छापून येते.

कर्ज खोटे नसते. पण कर्ज पाच वर्षांपासून होते. शेजारच्या दहा घरांतही आहे. मग आजच का, आणि याच घरात का? याचे उत्तर शोधायला गेले की दुसरेच धागे हाती येतात: कित्येक महिन्यांपासूनचे नैराश्य, ज्याला घरच्यांनी 'चिडका झालाय' म्हटले, वाढलेली दारू, पूर्वी एकदा झालेला प्रयत्न, जो झाकून ठेवला, अंगावर काढलेले दुखणे, भाऊबंदकीतला अपमान, आणि हे सगळे बोलायला कुणी नसणे. आत्महत्येमागे अशी अनेक कारणे एकत्र आलेली असतात, आणि त्यांतल्या बऱ्याच कारणांवर इलाज असतो.

नोंदणी विभागाच्या 2022 च्या तक्त्यात 'कौटुंबिक समस्या' 31.7 टक्के आणि 'आजारपण' 18.4 टक्के अशी कारणे दिसतात. ती वाचतानाही ध्यानात ठेवायचे, की एका माणसाच्या नावापुढे एकच रकाना भरलेला आहे.

'कर्जाला कंटाळून' असे रोज छापल्याने कर्ज असलेल्या वाचकाला कर्जाचा एक ठरलेला शेवट दिसू लागतो. कर्ज असणारे हजारो शेतकरी जगतात, पोरांची लग्ने करतात, पुढच्या हंगामाची सरकी आणतात, ही बातमी मात्र कधीच छापली जात नाही.

मग शेतकरी आत्महत्यांवर गप्प बसायचे का?

हा सर्वात गंभीर आक्षेप आहे आणि मला तो मनापासून पटतो. 2022 मध्ये शेती क्षेत्रातल्या 11,290 लोकांनी जीव दिला. त्यांत 5,207 शेतकरी आणि 6,083 शेतमजूर. माध्यमांनी हा प्रश्न लावून धरला नसता, तर सरकारांनी तो पाहिलाच नसता. दबाव टिकलाच पाहिजे.

त्यासाठी मरणाचे वर्णन लागत नाही. कापसाला खेडा खरेदीत, म्हणजे व्यापाऱ्याने गावात येऊन केलेल्या खरेदीत, काय भाव मिळाला, हमीभावाचे केंद्र कधी उघडले, मे महिन्यातल्या वादळाने आडव्या पडलेल्या केळीचे पंचनामे किती दिवसांनी झाले, विम्याचे पैसे कुणाला आले आणि कुणाला नाही, सावकाराने कुठला दर लावला: या बातम्या सविस्तर, नावानिशी, पहिल्या पानावर याव्यात. या वाचून कुणाचा जीव धोक्यात येत नाही. अधिकारी मात्र अस्वस्थ होतात. एका माणसाच्या शेवटच्या तासाचे चित्रण केल्याने नेमके उलटे घडते.

एक अडचण मात्र खरी आहे. शेतकऱ्याच्या कुटुंबाला एक लाख रुपयांची मदत देण्याचा राज्य सरकारचा 2006 पासूनचा नियम आहे. तहसीलदारांची चौकशी होते, जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची समिती प्रकरण 'पात्र' की 'अपात्र' ठरवते. त्यात नापिकी, कर्ज आणि वसुलीचा तगादा सिद्ध व्हावा लागतो. त्यामुळे 'कर्जामुळे' हा शब्द छापून यावा अशी घरच्यांची अपेक्षा असते, आणि ती चुकीची म्हणता येत नाही. मदतीसाठी लागतात सातबारा, बँकेचे पत्र आणि चौकशी अहवाल. बातमीचे कात्रण त्यात कागदपत्र म्हणून मोजले जात नाही. वार्ताहराला त्या घराला खरेच मदत करायची असेल, तर महिनाभराने जाऊन प्रकरण तहसील कार्यालयात कुठे अडकले आहे ते विचारावे आणि त्याची बातमी करावी.

याच ओघात एक प्रथा येते. 15 ऑगस्ट, 1 मे किंवा 26 जानेवारीच्या आधी जिल्हा कचेरीसमोर जीव देण्याचे इशारे येऊ लागतात. रस्ता अडवलेला असतो, घरकुलाचा हप्ता थकलेला असतो, मोजणी होत नसते. इशारा दिला की बातमी होते आणि बातमी झाली की अधिकारी भेटतो. साध्या अर्जाला वर्षभर उत्तर न देणारी कचेरी इशाऱ्याला दोन दिवसांत उत्तर देते, तेव्हा ती गावाला काय शिकवते? आणि थकलेल्या अर्जाची बातमी न करणारे, पण इशाऱ्याची चौकट छापणारे वर्तमानपत्रही तेच शिकवते. या दोन्हींचा मला राग येतो.

ज्यांची बातमीच होत नाही

2022 मध्ये जीव देणाऱ्यांत चौथ्या हिश्शाहून जास्त लोक रोजंदारीवर काम करणारे होते. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांतून दिवाळीनंतर गुजरातेत किंवा ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्यांतला कुणी परगावी असा गेला, तर त्याची बातमी इकडेही येत नाही आणि तिकडेही येत नाही.

त्याच वर्षी 25,309 गृहिणींनी जीव दिला. आत्महत्येने गेलेल्या स्त्रियांत निम्म्याहून जास्त गृहिणी होत्या. आपल्या बातम्यांत ती 'विवाहिता' म्हणून येते, दोन ओळींत. माहेरच्यांनी तक्रार दिली तर चार ओळी, मग बातमी गुन्ह्याच्या अंगाने जाते. गुन्हा असेल तर तपास झालाच पाहिजे. पण त्या आधीची कित्येक वर्षे कुणाला दिसत नाहीत: बाळंतपणानंतर न ओसरलेली उदासी, मूल होत नाही म्हणून ऐकलेले बोल, नवऱ्याची दारू. खान्देशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासुरवाशिणी माहेरी येतात. झोक्यावर गाणी होतात, आणि रात्री आईजवळ बसून ज्या गोष्टी निघतात त्या वर्षभर कुठेच निघालेल्या नसतात. 'मन लागत नही' असे लेक सहज बोलून गेली, तर 'सगळ्यांचंच असं असतं' म्हणून विषय बदलू नये. तिला आठ दिवस जास्त ठेवून घ्यावे आणि डॉक्टरांकडे न्यावे.

दहावी-बारावीच्या निकालाचे दिवस वेगळे सांगायला हवेत. 2022 मध्ये 13,044 विद्यार्थी गेले. निकालाच्या दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर पेढा भरवलेली गुणवंतांची रांग, आणि तिसऱ्या दिवशी 'नापास झाल्याने' अशी बातमी. निकालानंतर लवकरच पुरवणी परीक्षा असते, तिचे अर्ज कधी भरायचे, एक-दोन विषय राहिले तरी अकरावीला प्रवेश कसा मिळू शकतो, ही माहिती निकालाच्याच दिवशी निकालाच्याच पानावर ठळक छापली, तर ती गुणवंतांच्या यादीपेक्षा जास्त घरांत उपयोगी पडेल.

लिहायचे ते कसे?

जागतिक आरोग्य संघटनेने पत्रकारांसाठी 2000 पासून मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. त्यांच्या आधारे भारतीय प्रेस कौन्सिलने सप्टेंबर 2019 मध्ये आपल्या वर्तमानपत्रांसाठी नियम स्वीकारले. बातमी ठळक जागी लावू नये, पुन्हा पुन्हा देऊ नये. आत्महत्या हा प्रश्नावरचा तोडगा आहे असे वाटेल अशी भाषा वापरू नये. रीत आणि जागा सांगू नये. मथळा सनसनाटी नसावा. फोटो, चित्रफिती, समाजमाध्यमांच्या लिंक देऊ नयेत. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 नुसार, उपचार घेणाऱ्या व्यक्तीचा फोटो किंवा माहिती तिच्या संमतीशिवाय प्रसिद्ध करता येत नाही.

नमुन्यादाखल एक मथळा घेऊ, कुठल्याही खऱ्या घटनेचा नव्हे: 'नापास झाल्याच्या धक्क्याने विद्यार्थिनीने संपवले जीवन, चिठ्ठीत लिहिले...' यात एकच कारण आहे, ते निकालाला जोडले आहे, 'संपवले' मध्ये निर्धाराचा सूर आहे, आणि चिठ्ठीचे टिंब-टिंब वाचकाला आत ओढण्यासाठी आहे. खाली शाळेचे नाव, राहत्या घराची गल्ली, रीत, मैत्रिणींचे हुंदके, तिच्या स्टेटसचा स्क्रीनशॉट.

हीच बातमी अशी देता येते: 'दहावीच्या विद्यार्थिनीचा मृत्यू.' खाली तालुका, वय, पोलीस तपास करत आहेत एवढी माहिती. चिठ्ठीचा उल्लेखही नाही. पुढे दोन वाक्ये: किशोरवयातील अशा मृत्यूंमागे अनेक कारणे असतात, झोप न लागणे, एकटे राहणे, निरवानिरवीची भाषा, आवडत्या वस्तू वाटून टाकणे अशी चिन्हे दिसली तर मुलाशी बोला आणि मदत घ्या. त्याखाली 14416, आणि जवळचे ठिकाण: जिल्हा रुग्णालयातील जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचा कक्ष, किंवा धुळ्याच्या श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचा मानसोपचार विभाग. बातमी राहिली, सत्य राहिले, कुटुंबाची लाजही राहिली. लिहायला पूर्वीपेक्षा जास्त वेळ लागला नाही.

'हे सगळे गाळले तर वाचक दुसरीकडे जाईल,' असे संपादक म्हणतात. जाईलही. पण रस्त्यावरच्या अपघातातल्या मृतदेहाचा जवळून घेतलेला फोटो बहुतेक वर्तमानपत्रे आता छापत नाहीत, आणि त्याने खप बुडाला नाही.

वाचलेल्या माणसाच्या गोष्टीने काय होते?

व्हिएन्नाच्याच संशोधकांनी 2010 मध्ये या प्रश्नाची दुसरी बाजू शोधली. त्यांनी ऑस्ट्रियातल्या शेकडो बातम्या तपासल्या. ज्या बातम्यांत जीव द्यावासा वाटणाऱ्या माणसाने तसे न करता दुसरा मार्ग काढला असे होते, त्यांच्यानंतर आत्महत्या घटलेल्या दिसल्या. मोझार्टच्या एका संगीत नाटकात पापाजेनो नावाचे पात्र निराश होऊन जीव द्यायला निघते, आणि तीन मुले त्याला दुसरा मार्ग दाखवतात. म्हणून याला 'पापाजेनो परिणाम' म्हणतात.

आपल्याकडे अशी माणसे कमी आहेत का? पाच वर्षांपूर्वी सगळे संपले असे वाटलेला आणि आज गोळ्या बंद होऊनही ठणठणीत असलेला ट्रॅक्टरवाला. नणंदेने वेळेवर दवाखान्यात नेलेली सून. दोनदा नापास होऊन आज पंचायत समितीत नोकरी करणारा मुलगा. त्यांच्या संमतीने, नाव बदलून, त्यांची गोष्ट छापता येते. कुणाशी बोलले, कुठल्या दवाखान्यात गेले, किती खर्च आला, औषधाने झोप किती येत होती, कामावर कधी परतले. वाचकाला हे तपशील हवे असतात, कारण त्याला तेच करायचे असते.

दुर्दैवाने मानसिक उपचारांबद्दल छापील माहिती फार कमी मिळते. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने केलेल्या 2015-16 च्या राष्ट्रीय पाहणीत, वेगवेगळ्या मानसिक आजारांच्या 70 ते 92 टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचत नसल्याचे आढळले होते. त्या दरीचा एक भाग डॉक्टरांच्या कमतरतेमुळे आहे, तो लेख लिहून भरणार नाही. पण जिल्हा रुग्णालयात कुठल्या वारी कुठल्या खोलीत जायचे, हे माहीत नसणे सहज दूर करता येते.

साने गुरुजींची आठवण

खान्देशात या विषयावर लिहिताना साने गुरुजींना वगळता येत नाही. अमळनेरच्या शाळेत 1924 पासून त्यांनी शिकवले, वसतिगृहातल्या मुलांसाठी हाताने लिहिलेले दैनिक काढले, धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीतेवरची प्रवचने उतरवून घेतली, 1947 मध्ये पंढरपूरच्या विठ्ठलाचे दार दलितांना उघडावे म्हणून उपोषण केले. 11 जून 1950 ला त्यांचा आत्महत्येने मृत्यू झाला. त्यांच्याबद्दल नेहमी एक वाक्य ऐकू येते: इतका हळवा माणूस या जगात जगू शकला नसता. प्रेमाने बोललेले असले, तरी ते वाक्य मला घातक वाटते. त्यातून आजच्या हळव्या मुलाला काय कळते? हळवेपण हाच त्यांचा जगण्याचा आधार होता. त्याच्या बळावर त्यांनी मुलांना वाढवले, आंदोलने उभी केली. त्यांच्या मनाला झालेल्या वेदनेला त्या काळात वैद्यकीय उपचार फारसे नव्हते. आज आहेत.

फोन असलेला प्रत्येक जण

वर्तमानपत्राने सगळे नियम पाळले तरी तोवर गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर घटनास्थळाचा फोटो आलेला असतो. तालुक्याच्या यूट्यूब चॅनलवाल्याने घरच्यांच्या आक्रोशासमोर माइक धरलेला असतो. दुसऱ्या दिवशी चौकात बॅनर लागतो, हसरा फोटो, गॉगल, खाली 'भाऊ, तुझ्यासारखा कोणी नाही', आणि दोनशे पोरांच्या स्टेटसला तोच फोटो. मित्रांचे दुःख खरे असते, त्याला मी नावे ठेवणार नाही. पण त्या दोनशेंमधला एखादा मुलगा, ज्याच्याकडे जिवंतपणी कुणी पाहिलेले नाही, तो हा सन्मान पाहत असतो.

ग्रुपच्या अ‍ॅडमिनने एवढे करावे: फोटो आणि चिठ्ठी लगेच काढायला सांगावी, कारणांची चर्चा थांबवावी, 14416 टाकावा, आणि मृताच्या दोन-तीन जवळच्या मित्रांना स्वतः फोन करावा. अशा मृत्यूनंतर सर्वात जास्त जपावे लागते ते त्यांना आणि घरच्यांना.

द्वारदर्शनाला, गंधमुक्तीला, म्हणजे मृत्यूनंतर त्या घरी सांत्वनाला आणि विधींना, जाणाऱ्यांनाही हेच लागू आहे. 'काय झालं नेमकं?', 'कुणाला काही बोलला नव्हता का?', 'तुमच्या लक्षात कसं आलं नाही?' हे प्रश्न त्या घराने दिवसातून वीस वेळा ऐकलेले असतात. गेलेल्या माणसाबद्दल बोलावे, तो बैलांना कसा जपायचा, लग्नात कसा नाचायचा. आणि तिसऱ्या महिन्यात, माणसे यायची थांबल्यावर, पुन्हा जावे.

'विषय काढला तर उलट डोक्यात शिरेल ना?'

हा प्रश्न हमखास येतो, आणि वरचे सगळे वाचून तो जास्तच रास्त वाटेल. बातमीने पसरते, मग बोलल्याने पसरणार नाही का? फरक असा. बातमी एका अनोळखी माणसाच्या मरणाची गोष्ट रीतीसह सांगते आणि वाचकाला तिच्यासोबत एकटे सोडते. तुम्ही विचारता तेव्हा समोरच्याच्या दुःखाबद्दल विचारता आणि उत्तर ऐकायला तिथेच थांबता. थेट विचारल्याने धोका वाढत नाही, असेच आजवरचे संशोधन सांगते. पुष्कळांना उलट हायसे वाटते.

शब्द साधे असावेत. 'काय व्हई राह्यनं रे तुले?' (काय होतंय रे तुला?) इथून सुरुवात करता येते. मग आडवळण न घेता: 'जगू नये असं वाटतं का? जीव द्यायचे विचार येतात का?' हो म्हणाला तर घाबरू नका, उपदेश करू नका, 'पोराबाळांचा विचार कर' म्हणू नका. तो विचार त्याने शंभरदा केलेला असतो. ऐका. त्याला एकटे सोडू नका. फोन लावा किंवा सोबत दवाखान्यात जा. 'जो बोलतो तो करत नाही' ही समजूत साफ चुकीची आहे.

हा विचार बहुतेकदा लाटेसारखा चढतो आणि उतरतो. चढलेल्या वेळी घातक वस्तू हाताशी नसली, तर माणूस वाचण्याची शक्यता मोठी असते. श्रीलंकेने अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी घातली, आणि 1995 ते 2015 या काळात तिथला आत्महत्येचा दर सुमारे 70 टक्क्यांनी उतरला. बंदी सरकारचे काम. पण फवारणीची औषधे राहत्या घरात न ठेवता कुलपात, किल्ली दुसऱ्या कुणाकडे, एवढे आपल्या हातात आहे.

पोलीस केस होईल, ही भीती

पूर्वी आत्महत्येचा प्रयत्न हा भारतीय दंड संहितेच्या कलम 309 खाली गुन्हा होता. मानसिक आरोग्य सेवा कायदा 29 मे 2018 पासून लागू झाला. त्याच्या कलम 115 नुसार प्रयत्न करणारी व्यक्ती, उलट सिद्ध होत नाही तोवर, तीव्र तणावाखाली होती असेच मानायचे, तिच्यावर खटला चालवायचा नाही, आणि तिची काळजी घेणे व पुनर्वसन करणे हे सरकारचे कर्तव्य आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत 309 सारखे कलम उरलेलेच नाही. कलम 226 मात्र आहे: सरकारी कर्मचाऱ्यावर दबाव आणण्यासाठी किंवा त्याला काम करण्यापासून रोखण्यासाठी आत्महत्येचा प्रयत्न केला, तर शिक्षा होऊ शकते. रुग्णालयात पोलीस नोंद होते, पोलीस येऊन जबाब घेतात. याचा अर्थ रुग्णावर गुन्हा दाखल झाला असा नव्हे. त्या भीतीने दवाखाना टाळू नका किंवा डॉक्टरांना खोटे सांगू नका. काय घडले हे खरे कळले तरच उपचार नीट होतात.

वर्तमानपत्राने नियम मोडले तर?

आधी संपादकाला लिहायचे. बातमीचे कात्रण, तारीख, आणि 2019 च्या सूचनांतले काय मोडले ते नेमकेपणाने. जिल्हा आवृत्तीचे संपादक वाचकांची पत्रे वाचतात, विशेषतः शिक्षक, डॉक्टर, सरपंच यांनी सह्या करून पाठवलेली. उत्तर समाधानकारक नसेल, तर प्रेस कौन्सिलकडे तक्रार करता येते. 1978 च्या प्रेस कौन्सिल कायद्याच्या कलम 14 खाली कौन्सिल चौकशी करून वर्तमानपत्राला ताकीद देऊ शकते, ठपका ठेवू शकते. दंड करण्याचा अधिकार तिला नाही, आणि वृत्तवाहिन्या व यूट्यूब चॅनल तिच्या कक्षेत येत नाहीत. चित्रफितीसाठी त्या त्या मंचावर 'तक्रार करा' हे बटण असते, त्यात आत्महत्या व स्वतःला इजा यासाठी वेगळा पर्याय दिलेला असतो. एकाने दाबण्यापेक्षा ग्रुपमधल्या वीस जणांनी मिळून दाबावे. आणि एखाद्या वार्ताहराने बातमी जबाबदारीने लिहिली, खाली मदतीचा नंबर दिला, तर त्यालाही फोन करून सांगावे; त्याच्या कार्यालयात उद्या हीच बातमी कशी द्यायची यावर वाद होईल, तेव्हा तो फोन त्याच्या कामी येतो.